टप्प्याटप्प्याने आकाशाकडे

'रॉकेट' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण इंग्रजांनीही तो उसनाच आणला होता. त्याचे मूळ इटालियन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ सूत गुंडाळायची छोटी कांडी असा होतो. दारू भरलेली लांबट नळी त्या कांडीसारखी दिसे, म्हणून हे नाव पडले. मी बुलडाणा जिल्ह्यातला, खामगावच्या कापूस बाजाराच्या मुलखातला माणूस. ही व्युत्पत्ती कळली तेव्हा रॉकेट मला एकदम घरचेच वाटू लागले.

तसे ते घरचे होतेच. उर्दूत त्याला 'हवाई' म्हणतात, जुन्या मराठी कागदांत ते 'बाण' म्हणून येते. बांबूला बांधलेली दारूची नळी पेटवून शत्रूवर सोडायची आणि त्याचे हत्ती-घोडे बुजवायचे, हे त्याचे काम. १७६१ मध्ये पानिपतावर नजीबखानाच्या बाणांचा मारा मराठ्यांनी सोसला. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपूने लोखंडी नळी वापरली. नळी भक्कम झाल्याने दारू जास्त ठासता आली आणि बाण दूर जाऊ लागला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. तिथले बाण इंग्लंडला गेले आणि त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्हने ब्रिटिश सैन्यासाठी रॉकेटे बनवली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या वॉलॉप्स केंद्राच्या भिंतीवर टिपूच्या बाणदारांचे चित्र दिसल्याचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

मात्र एकाच नळीचा बाण कितीही ठासून भरला, तरी त्याच्या झेपेला मर्यादा असते. जळून रिकामी झालेली नळी तो शेवटपर्यंत अंगावर वागवतो. यावर तोडगा सुचला तो आतषबाजीच्या कारागिरीतून. एका बाणावर दुसरा बाण बसवायचा. सोळाव्या शतकात ट्रान्सिल्व्हानियातील कोनराड हास यांनी आणि १६५० मध्ये काझिमिएर्झ सिमिएनोविच यांनी अशा रचनांची चित्रे काढून ठेवली आहेत. रशियातील शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये त्यामागचे गणित मांडले आणि १९२९ मध्ये अशा जोडणीला 'रॉकेटांची आगगाडी' म्हटले.

आपण तिच्या डब्यांना 'टप्पे' म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो. तो डाकेच्या वाटेवरचा आहे, एसटीच्या भाड्यातही आहे. फरक एवढाच, की डाकेचा घोडा टप्प्यावर दाणापाणी घेऊन पुन्हा कामाला लागे. अग्निबाणाचा टप्पा काम झाले की कायमचा गळून पडतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मला पाहुणा म्हणून बोलावले होते. टेबलांवर विकत आणलेली थर्माकोलची चकचकीत यानेच जास्त होती. एका मुलीने मात्र एसएलव्ही-३ ची प्रतिकृती स्वतःच्या हाताने केली होती. पाइपावर जाड कागद गुंडाळून, खळ लावून तिने नळ्या वळल्या होत्या. टोकाचा शंकू सुताराकडून लाकडात उतरवून घेतला होता. चारही टप्पे एकमेकांत बसत होते आणि ओढले की सुटे होत होते. दारूचा कणही नव्हता. ते उडवायचे नव्हतेच, उलगडून पाहायचे होते.

मूळ यान सुमारे २२ मीटर उंच आणि १७ टन वजनाचे. म्हणजे आपल्या बाजाराच्या भाषेत १७० क्विंटल. त्यातून आकाशात पोचवायचा रोहिणी उपग्रह किती, तर ३५ किलो! प्रतिकृती विसाव्या हिश्शाची, म्हणून उंची ११० सेंटीमीटर. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वीस पटींनी घटल्या, की वजन आठ हजार पटींनी घटते. त्या हिशेबाने १७ टनांचे दोन किलोंहून थोडे जास्त होतात आणि उपग्रहाचे उरतात साडेचार ग्रॅमच्या आत. मी तिला म्हणालो, "बेटा, एवढा तर एका बोंडातला कापूस." शेतकऱ्याची पोर ती, लगेच हसली. एक बोंड वर पोचवायला दोन किलोंचा खटाटोप!

आणि तोही पहिल्या प्रयत्नात साधला नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी पहिला टप्पा चोख चालला, पण दुसऱ्याच्या नियंत्रण यंत्रणेतील झडपेतून आम्ल गळून गेले होते. सव्वापाच मिनिटांत यान बंगालच्या उपसागरात पडले. वर्षभरात दोष शोधून १८ जुलै १९८० रोजी तेच काम श्रीहरिकोट्याहून तडीस गेले. प्रकल्पाचे संचालक होते रामेश्वरमच्या नावाड्याचे चिरंजीव कलाम. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची धुरा त्या वेळी आपल्या डॉ. वसंत गोवारीकरांकडे होती. चारही टप्प्यांत जळणाऱ्या घन इंधनाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आणि या साऱ्याची सुरुवात १९६३ मध्ये झाली, ती केरळच्या थुंबा गावात कोळ्यांनी मोकळे करून दिलेल्या चर्चमध्ये.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. विकतचे यान टेबलावर ठेवले, तर मूल त्याचे नाव सांगेल. स्वतः वळलेला टप्पा सुटा करून दाखवताना मात्र तो का टाकायचा, हे त्याला सांगावे लागेल. या वर्षीच्या प्रदर्शनात एक तरी यान उलगडणारे असू द्या, आणि त्याच्या टोकात बोंडभर कापूस ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)