प्लगमधला फ्यूज आणि आपली वायर



आज मी एका वायरीबद्दल बोलणार आहे. मिक्सरची, इस्त्रीची, पाण्याच्या हिटरची, आणि गटाच्या कामासाठी खोलीभर ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर. ही मऊ असते, वळते, गुंडाळून ठेवता येते. आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारांचा जुडगा असतो, म्हणून ती वळते. हिटर अर्धा तास चालला की कधी कधी ही वायर हाताला गरम लागते. आपण म्हणतो, "काही धोका असता तर एमसीबी पडला असता की!" मैत्रिणींनो, हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, ते समजून घ्यायला आपण थोडं मागे जाऊ.

वीज वायरीतून गेली की वायर तापते, हे जुनं ज्ञान आहे. इंग्लंडमध्ये जेम्स जूल नावाचा संशोधक होता. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्याने 1840 च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं की वायरीतला प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. आज वायरीच्या जाडीचे जे नियम आहेत, त्यांच्या मुळाशी हा हिशोब आहे.

पुढे चाळीसेक वर्षांनी घरात विजेचे दिवे आले. त्या काळी वायरीवर कापूस, रेशीम नाहीतर रबर गुंडाळलेलं असायचं. पातळ वायरीतून जास्त प्रवाह गेला की हे आवरण करपायचं, आणि आसपास लाकूड असलं की आग लागायची. म्हणून 1882 साली लंडनमधल्या वीज अभियंत्यांच्या संस्थेने नियम छापले. त्या नियमांच्या नावातच आगीचा धोका टाळण्याचा उल्लेख होता. म्हणजे दिवा आला आणि त्याच्या पाठोपाठ नियमही आला.

पण नियम अभियंत्यांच्या कपाटात होते, आणि वायर हाताळत होत्या घरातल्या बाया. हे ज्यांनी ओळखलं त्या कॅरोलिन हॅस्लेट. त्यांचा जन्म 1895 चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत काम करत होत्या, आणि तिथेच इंजिनिअरिंग शिकल्या. 1924 साली बायांसाठी विजेची एक संघटना उभी राहिली. तिचं नाव 'इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन'. हॅस्लेटबाई तिचं काम बघत. गावोगाव शाखा, व्याख्यानं, प्रात्यक्षिकं. बायांसाठी विजेचं एक पुस्तकही या संघटनेने काढलं. आपल्या गटाच्या बैठकीत आपण बँकेचं पासबुक वाचायला शिकलो ना, तसंच त्या बाया फ्यूज आणि प्लग समजून घ्यायला शिकल्या.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच, 1942 साली, तिथे एक समिती नेमली गेली. युद्धात घरं पडली होती, नवी बांधायची होती. त्यांत वीज कशी फिरवायची हे समितीने सुचवायचं होतं. वीस जणांची समिती, आणि त्यात बाई एकच, कॅरोलिन हॅस्लेट.

तांब्याची टंचाई होती. म्हणून एक युक्ती पुढे आली. प्रत्येक प्लगसाठी बोर्डापासून वेगळी वायर न ओढता, घरभर एकच जाड वायर गोल फिरवायची आणि तिच्यावर हवे तेवढे सॉकेट बसवायचे. या वायरीला बोर्डावर 30 अॅम्पिअरचा फ्यूज. आता अडचण बघा. त्या सॉकेटला कुणी टेबललॅम्पची पातळ वायर लावली. ती वायर जेमतेम 3 अॅम्पिअर सोसणारी. तिच्यातून 15 अॅम्पिअर गेले तर ती वितळेल, पण बोर्डावरचा 30 चा फ्यूज शांत बसेल. त्याच्या हिशोबाने काहीच बिघडलेलं नाही!

यावर तोडगा निघाला तो असा. फ्यूज थेट प्लगच्या पोटात घालायचा. पातळ वायर असेल तर 3 अॅम्पिअरचा, जाड असेल तर 13 अॅम्पिअरचा. प्रत्येक वायरीला तिचा स्वतःचा राखणदार. शिवाय लहान मुलांनी भोकात काही खुपसू नये म्हणून सॉकेटच्या आत झडपा. 1947 साली या प्लगचं मानक निघालं, आणि ब्रिटनमध्ये आजही तोच प्लग घरोघर आहे.

आता आपल्या घरी या. आपले प्लग गोल पिनांचे. हेही ब्रिटिशांकडूनच आले, पण त्याआधीच्या पद्धतीचे. पूर्वी 5 आणि 15 अॅम्पिअरचे म्हणायचे, आता 6 आणि 16 चे. लहान पिनांचा आणि मोठ्या पिनांचा. या प्लगमध्ये सहसा फ्यूज नसतो. म्हणजे आपल्याकडे वायरीचा राखणदार प्लगमध्ये नाही. बोर्डावरचा 16 चा एमसीबी भिंतीतल्या जाड वायरीसाठी असतो. बाहेर लोंबणारी पातळ वायर त्याला दिसत नाही. तिची राखण आपल्यालाच करायची आहे.

ती करायला एक भागाकार पुरतो. यंत्रावर वॅट लिहिलेले असतात. त्यांना 230 ने भागा. जे येईल ते अॅम्पिअर. 2000 वॅटचा हिटर म्हणजे जवळजवळ 9 अॅम्पिअर. आता वायर बघा. तिच्या अंगावर जाडी छापलेली असते. वायरमन तिला 'पाऊण एमएम', 'एक एमएम', 'दीड एमएम', 'अडीच एमएम' म्हणतात. सावधपणे धरायचं तर मऊ वायरीचा हिशोब असा: पाऊणला 6 अॅम्पिअर, एकला 10, दीडला 14, अडीचला 19.

म्हणजे 2000 वॅटचा हिटर पाऊण एमएमच्या एक्स्टेन्शनवर लावला, तर 6 च्या वायरीतून 9 च्या आसपास अॅम्पिअर जातात. जूलचा हिशोब आठवा. प्रवाह दीडपट, पण उष्णता दुपटीहून जास्त. वायरीवरचं साधं पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. रोज त्यापुढे तापलं की ते कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस आतली तांब्याची तार उघडी पडते.

आणखी तीन गोष्टी. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून जड यंत्र चालवू नका. आतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून पूर्ण उलगडा. वायर सतरंजीखाली किंवा पोत्याखाली दाबू नका, कारण तेच. आणि पिठाच्या घरगुती गिरणीसारखी मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. लांबलचक पातळ वायरीवर तिला पुरेसा दाब मिळत नाही. ती घुरघुरते, तापते, शेवटी जळते. गिरणी शक्यतो थेट भिंतीतल्या 16 च्या सॉकेटवर लावा. वायर लांबवावीच लागली तर अडीच एमएमची, तीन तारांची, अर्थिंगसकट, आयएसआय चिन्हाची घ्या. जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

दुकानदार म्हणेल, "ताई, ही स्वस्तातली घ्या, चालते." चालते, हे खरं. 1882 च्या आधीही चालतच होती, आग लागेपर्यंत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका एक्स्टेन्शनवरचा आकडा आणि त्यावर चालणाऱ्या यंत्रांचे वॅट कागदावर लिहून आणा. दोन-दोन यंत्रं एकाच बोर्डावर असतील तर त्यांची बेरीज करा. मग सगळ्या मिळून भागाकार करू. ज्या वायरीचा हिशोब जुळणार नाही, ती त्याच दिवशी बदलू. हॅस्लेटबाई त्या समितीत एकट्या होत्या. आपण गटात वीसजणी आहोत.