मुलुंडच्या बुरशीचं कुळ

पावसाळ्यात गुळाच्या रव्यावर बुरशी चढली की कोल्हापूरचा व्यापारी हळहळतो. पण बुरशीलाही शत्रू असतात. जमिनीत एकाच कुजक्या पानावर अनेक जाती तुटून पडतात आणि एकमेकींना रोखायला रसायनं सोडतात. ही भांडणं माणसाच्या फार कामी आली आहेत.

ती हेरायची रीत साधी. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, पातळ करत न्यायची, आगरच्या बशीत पसरायची. उगवलेली एकेक बुरशी वेगळी वाढवून तिचा अर्क कॅन्डिडा ही रोगकारक बुरशी पेरलेल्या बशीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुधाळ थरात अर्काभोवती आरपार दिसणारं गोल कडं पडलेलं असलं, की आशेला जागा आहे. पण बहुतेक कडी जुन्या, ओळखीच्या रसायनांचीच निघतात.

महाराष्ट्रात या शोधाची पहिली मोठी पेढी म्हणजे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापना १९५४. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं, १९६१ मध्ये जाहीर केलं. ते बनवणाऱ्या जीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तो मात्र बुरशीसारखे धागे काढणारा जिवाणू.

खऱ्या बुरशीचं श्रेय मुलुंडकडे जातं. १९८७ मध्ये हेक्स्ट या औषध कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रातून रॉय, मुखोपाध्याय, रेड्डी, देसिकन आणि गांगुली यांनी मुलुंडोकॅन्डिन जगापुढे ठेवलं. बुरशी अ‍ॅस्परजिलस सिडोवीची नवी उपजात, मुलुंडेन्सिस. रेणू म्हणजे सहा अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला मेदाम्लाची शेपटी, कुळ एकायनोकॅन्डिन या बुरशीनाशकांचं.

हे कुळ मोलाचं का? बुरशीच्या पेशीला ग्लुकानची भिंत असते, माणसाच्या पेशीला भिंतच नसते. हे रेणू भिंत बांधणारं विकरच अडवतात, त्यामुळे मार मुख्यतः बुरशीला बसतो. स्पेनच्या बुरशीतून निघालेल्या अशाच रेणूपासून कॅस्पोफंजिन बनलं आणि २००१ मध्ये रुग्णांपर्यंत पोहोचलं. मुलुंडोकॅन्डिनमध्ये बदल करून पाहिले गेले, पण त्याचं औषध झालं नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

अशा शोधाला जागा आजही आहे: राधानगरीचं जंगल २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथल्या पाल्यातली बुरशी वेगळी करायला लागणारं आगर आणि बशा कोल्हापूरच्या कॉलेजांतही मिळतील. अडतं ते पुढे: रेणूची ओळख पटवणारी महागडी यंत्रं हवीत, आणि बहुतेक कडी फुकट जाणार हे ठाऊक असूनही वर्षानुवर्षं पैसा पुरवणारं कुणीतरी हवं. मुलुंडला ही दोन्ही एका छताखाली होती.