मुंबई–विरार रेल्वेचे विद्युतीकरण
मुंबईतील चर्चगेटपासून पालघर जिल्ह्यातील विरारपर्यंतच्या सु. ६० किमी. लांबीच्या उपनगरी लोहमार्गावर १९२८ ते २०१२ या काळात वापरण्यात आलेल्या दोन विद्युत् पुरवठा पद्धतींचा हा इतिहास आहे. विद्युत् दाब, प्रवाह, रोध, शक्ती व ऊर्जा या राशींमधील साध्या संबंधांचा लक्षावधी लोकांच्या दैनंदिन प्रवासावर कसा परिणाम होतो, याचे हा मार्ग एक ठळक उदाहरण आहे.

मूलभूत तत्त्वे : संवाहकातून वाहणारा प्रवाह त्याच्या टोकांमधील दाबाच्या सम प्रमाणात असतो, हा नियम गेओर्क झिमोन ओहम या जर्मन भौतिकीविज्ञांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. दाब व प्रवाह यांच्या गुणोत्तरास रोध म्हणतात. प्रवाहामुळे तारेत दर सेकंदास निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराएवढी असते, असे जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८४१ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. मंडलाला मिळणारी शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. ती वॉटमध्ये मोजतात. शक्तीला काळाने गुणले म्हणजे ऊर्जा मिळते. १ किलोवॉट शक्ती एक तास वापरली असता खर्च होणारी ऊर्जा म्हणजेच वीजदेयकातील एक ‘युनिट’ होय.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तीच शक्ती अधिक दाबाने पाठविल्यास प्रवाह कमी लागतो आणि तारेतील व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

प्रारंभ व विस्तार : बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १८६७ पासून विरारहून मुंबईस गाडी धावू लागली. ती अर्थातच वाफेवर चाले. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर १,५०० व्होल्ट एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहावर चालविली. तीच पद्धत स्वीकारून ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. १९३६ मध्ये विद्युतीकरण वसईची खाडी ओलांडून विरारपर्यंत नेण्यात आले. वसई तालुक्यातील गावांचा मुंबईशी असलेला संबंध त्यामुळे अधिक निकटचा झाला.

एकदिश प्रवाहाची निवड त्या काळी योग्यच होती. एकदिश प्रवाहावर चालणारे एकसरी चलित्र गाडी सुरू होताना मोठी पीडन-प्रेरणा देते, म्हणून वारंवार थांबणाऱ्या गाडीला ते सोयीचे असते. प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणाऱ्या) प्रवाहाचे गाडीतच एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी आटोपशीर साधने मात्र तेव्हा उपलब्ध नव्हती. ते रूपांतर मार्गालगतच्या उपकेंद्रांतच करावे लागे.

रोधकांतील व्यय : स्थिर चलित्राचा स्वतःचा रोध अत्यल्प असतो. ते फिरू लागले की, त्यात विरोधी दाब निर्माण होऊन प्रवाह मर्यादित राहतो, पण सुरुवातीस हा विरोधी दाब शून्य असतो. म्हणून गाडी निघताना चलित्रांबरोबर रोधक जोडून ते टप्प्याटप्प्याने काढून घेत. केवळ रोधकांच्या साहाय्याने गाडीला वेग दिल्यास त्या अवधीत घेतलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चलित्रे आधी एकसरीत व मग अनेकसरीत जोडल्यास हा व्यय सु. एक-तृतीयांशावर येतो. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या धिम्या गाडीच्या बाबतीत हा फरक लहान नाही.

दाबाची मर्यादा : समजा, एखाद्या गाडीसाठी ३,००० किलोवॉट शक्ती पुरवावयाची आहे आणि उपकेंद्रापासून गाडीपर्यंत व रुळांतून परत येण्याच्या मार्गाचा एकूण रोध ०·०५ ओहम आहे. १,५०० व्होल्ट दाबास २,००० अँपिअर प्रवाह लागेल. मार्गात १०० व्होल्ट दाब खर्ची पडेल आणि २०० किलोवॉट शक्ती उष्णतेत जाईल. तीन मिनिटांत हा व्यय १० युनिटे होतो. त्याच ठिकाणी तशाच दोन गाड्या एकदम निघाल्या, तर प्रवाह दुप्पट, परंतु व्यय चौपट म्हणजे ८०० किलोवॉट होईल. २५,००० व्होल्ट दाबास मात्र एका गाडीला सु. १२० अँपिअर प्रवाह पुरतो व त्याच रोधात केवळ ७२० वॉट शक्ती जाते. प्रत्यक्षात प्रत्यावर्ती प्रवाहास तारेच्या प्रवर्तकत्वाचाही विरोध होत असल्याने लाभ इतका मोठा नसतो, तरी तो निर्णायक ठरतो. एकदिश पद्धतीत उपकेंद्रे काही किमी. अंतरावर व तारा जाड ठेवाव्या लागतात. उच्च दाबाच्या पद्धतीत दोन उपकेंद्रांतील अंतर काही दशक किमी. असू शकते.

वसई, नालासोपारा व विरार येथील वस्ती वाढत गेली, तसतशा गाड्या लांब व दाट झाल्या. गाड्यांची संख्या वाढविण्याचा प्रश्न अशा रीतीने तारेतील प्रवाहाच्या मर्यादेशी येऊन ठेपला.

विरार येथील संधिस्थान : भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली. १९७०–८० या दशकात विरारच्या उत्तरेकडील मार्गावर ती आल्याने विरारजवळ दोन पद्धतींची सीमा निर्माण झाली. दोहोंमध्ये तारेचा काही भाग वीजविरहित ठेवलेला असे व गाडी तो केवळ आपल्या गतीच्या जोरावर पार करी. दोन्ही दाबांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ ही एंजिने १९७५ पासून वापरात आली. उपनगरी गाड्यांना मात्र विरार हेच दीर्घकाळ शेवटचे स्थानक राहिले.

रूपांतर : रोज धावणारा मार्ग दीर्घकाळ बंद ठेवणे शक्य नसल्याने दोन्ही पद्धतींवर चालणाऱ्या गाड्या आणून मार्गाचे टप्प्याटप्प्याने रूपांतर करण्यात आले. पश्चिम रेल्वेवरील हे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये, तर मध्य रेल्वेवरील २०१६ मध्ये पूर्ण झाले. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत जाऊ लागल्या. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत प्रवाह नियंत्रणासाठी रोधकांऐवजी इलेक्ट्रॉनीय साधने असून गतिरोधनाच्या वेळी चलित्रे जनित्राप्रमाणे कार्य करतात. त्यामुळे पूर्वी उष्णतेत जाणारी काही ऊर्जा तारेत परत मिळते.

उच्च दाबाबरोबर धोकाही वाढला. २५,००० व्होल्ट दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही, तरी जवळ आलेल्या शरीरात हवेतून विद्युत् विसर्जन होऊ शकते. म्हणून तारेपासून किमान २ मी. अंतर राखावे, असा नियम आहे. गर्दीमुळे डब्याच्या छतावर चढून केलेला प्रवास त्यामुळे प्राणघातक ठरतो. व्यय घटविणारा दाबच अपघाताची शक्यता वाढवीत असल्याने अशा मार्गावर निरोधकांची निगा व प्रवाशांची शिस्त यांना उपकेंद्राइतकेच महत्त्व आहे.