थोडे जंत राहू द्यावेत

आज आपण जरा आडवाटेचा इतिहास पाहू. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण शत्रूचा समूळ नाश करू गेलं की काय होतं, हा प्रश्न आपलाच आहे ना?

हिमॉन्कस नावाचा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंड्यांवाटे कुरणात पडतात, अळ्या गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. मेंढी पांढरीफटक पडते, मरतेही.

१९६१ साली थायबेंडाझोल आलं. वाटलं, प्रश्न सुटला. १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली. १९८१ साली आयव्हरमेक्टिन आलं. ते दशक संपण्याआधीच दक्षिण आफ्रिकेत तेही निष्प्रभ ठरू लागलं.

असं का झालं? सल्ला असा होता, की सगळ्या कळपाला औषध पाजा आणि लगेच स्वच्छ कुरणात सोडा. ऐकायला किती शहाणपणाचं! पण औषधातून वाचले ते नेमके चिवट जंत. नव्या कुरणात अंडी पडली ती फक्त त्यांचीच. म्हणजे आपणच त्यांची निवड केली आणि त्यांना मोकळं रान दिलं.

मग दक्षिण आफ्रिकेतच उलटा विचार झाला. फ्रान्स्वा मलान या पशुवैद्यावरून नाव पडलेला 'फमाचा' तक्ता तिथलाच. मेंढीच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहायची आणि तक्त्यातल्या पाच रंगांशी ताडायची. लालबुंद असेल तर औषध नाही. फिकट किंवा पांढरी असेल तरच पाजायचं. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांत असतात, म्हणून हे जमतं. बाकीच्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत जिवंत राहतात आणि चिवटांची संख्या त्यांच्या गर्दीत पातळ होते. अर्थात, ही पापणीची परीक्षा रक्त पिणाऱ्या जंतांपुरतीच, बरं का. आणि बघणं वरचेवर हवं, नाहीतर मेंढी हातची जाते.

आपल्याला यातून काय घ्यायचं? सरसकट औषध पाजताना मेंढीकडे बघावं लागत नव्हतं. आता एकेकीची पापणी उघडून बघावी लागते. औषध टिकवायचं तर काही जंत सोसावे लागतात, आणि कोणते सोसायचे हे ठरवायला आधी नीट पाहावं लागतं.