कडुनिंबाचं तेल आणि वहीतली तारीख



उन्हाळ्यात आपल्या अंगणात तूर, मूग, हरभरा वाळत पडतो. मग कोणी त्याला एरंडेल चोळतं, कोणी राख मिसळतं, कोणी कडुनिंबाचा पाला घालतं. आपल्या मराठवाड्यात ज्वारी पेवात जायची, बाकीचं धान्य शेणानं लिंपलेल्या कणगीत. ही सगळी राखण बायांच्याच हातात होती, कारण बियाण्याला भुंगा लागला तर पुढची पेरणीच अडायची.

तेल काम कसं करतं? भुंग्याची मादी दाण्यावर अंडं चिकटवते. अळी तिथूनच दाण्यात शिरते आणि आतून पोखरते. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की अंड्याला हवा मिळत नाही, ते मरतं. कडुनिंबाच्या बियांत याहून जास्त काही आहे. त्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे किड्याची भूक मरते, वाढ खुंटते. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचं पाणी फवारून टोळांपासून पीक वाचवून दाखवलं.

आता पुढची गोष्ट ऐका. 1994 मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयानं कडुनिंबाच्या तेलानं पिकावरची बुरशी मारण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला दिलं. म्हणजे आपल्याच झाडाच्या गुणावर त्यांची मालकी! याविरुद्ध उभ्या राहिल्या तिघी जणी: आपल्या वंदना शिवा, बेल्जियमच्या मॅग्डा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळीतल्या लिंडा बुलार्ड.

आजीपणजीपासून हे चालत आलंय, एवढं सांगून भागलं नाही. निर्णायक ठरली ती महाराष्ट्रातल्या एका माणसाची साक्ष. 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर असे प्रयोग झाले होते, हे त्यांनी सांगितलं. गाव, साल, पीक, सगळं ठरलेलं. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीकडून अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. तो दिवस होता 8 मार्च 2005, महिला दिन!

आम्हाला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. आपलं ज्ञान खरं आहे, पण ते तोंडी आहे. बचत गटाच्या वहीत पैशाचा हिशेब असतो, तशीच दोन पानं धान्याची ठेवू या. कोणतं धान्य, किती किलो, कोणतं तेल, किती, कोणत्या तारखेला लावलं आणि भुंगा कधी दिसला. साधारण किलोला चमचाभर, म्हणजे 5 मिली तेल पुरतं. धान्य आधी कडक वाळलेलं हवं. कडुनिंबाचं तेल फक्त पेरणीच्या बियाण्याला लावा, खायच्या डाळीला नको.

गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे आधी जा. त्या काय सांगतात ते त्यांच्या नावानं लिहा आणि शेजारी तारीख टाका.