घरभाड्याचा न्याय

‘घर पाहावें बांधून’ असें आपले वाडवडील म्हणत. पण मुंबईंत पोटासाठीं आलेल्या बहुतेकांच्या वांट्याला घर आलें तें भाड्याचें. म्हणून घरमालक व भाडेकरू यांच्या तंट्याचा इतिहास हा एका अर्थीं या शहराच्या मध्यमवर्गाचाच इतिहास होय.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें महिनेमहाल राहणाऱ्या भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस पुरे होई. पहिल्या महायुद्धांत जागेची टंचाई झाली तेव्हां १९१८ च्या कायद्यानें मुंबईंत या रीतीस प्रथम मुरड घातली. पुढें १९४७ च्या कायद्यानें न्यायाची दृष्टीच बदलली. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें, तेंच सामान्यतः प्रमाणभाडें ठरलें. आणि मुंबईंतील असे दावे लघुवाद न्यायालयाकडे सोंपविले गेले.

या कायद्याचें मर्म, माझ्या मतें, त्याच्या एका लहानशा पोटकलमांत आहे. मालकास राहण्यासाठीं जागेची खरी गरज आहे, एवढें सिद्ध झालें तरी हुकूमनामा मिळत नसे. जागा सोडल्यानें भाडेकरूचे हाल अधिक, कीं न मिळाल्यानें मालकाचे अधिक, हें न्यायाधीशानें तोलून पाहावयाचें. दुसरी जागा मिळण्याजोगी आहे काय, हेंहि विचारांत घ्यावयाचें. आणि कोणाचीच अडचण होत नसेल, तर जागेच्या कांहीं भागापुरताच हुकूमनामा द्यावयाचा. दस्तऐवज वाचणाऱ्या न्यायासनावर येथें माणसांचीं दुःखें मोजण्याचें काम येऊन पडलें.

परंतु या तराजूचें एक पारडें काळानें अडकवून ठेवलें. किमती वाढल्या, भाडें मात्र गोठलें. दुरुस्तीचा खर्च भाड्यांतून निघेना, चाळी खचूं लागल्या. आणि कायद्यानें निषिद्ध ठरविलेली पागडी हें उघड गुपित झालें. अखेर १९९७ सालीं ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हें गोठलेलें भाडें आतां वाजवी राहिलें नाहीं, असा निर्णय दिला. १९९९ च्या कायद्यानें वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पागडीलाहि मान्यता दिली. दोन्हीं पक्षांच्या हालांची तुलना मात्र कायम ठेवली.

हें योग्यच झालें. केवळ करार पाहणारा कायदा भाडेकरूस रस्त्यावर आणतो. आणि काळाबरोबर न चालणारा कायदा, ज्याला आसरा द्यावयाचा, त्याच्याच डोक्यावर छप्पर पाडतो.