हाकेचे ठिकाण : अमेरिकेतील ९११ सेवेचे स्थित्यंतर

अमेरिकेत ९११ हा क्रमांक फिरवला की पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका येते, एवढेच सर्वसामान्य नागरिकाला ठाऊक असते, आणि तेवढेच ठाऊक असणे पुरेसे ठरावे हे या सेवेचे उद्दिष्टही आहे. त्या तीन अंकांमागची यंत्रणा मात्र १९६८पासून वारंवार नव्याने घडवावी लागली आणि प्रत्येक वेळी तिच्यापुढे तोच पेच उभा राहिला : हाक देणारी व्यक्ती नेमकी कोठे आहे आणि त्या जागेची जबाबदारी कोणाकडे आहे. ‘नेक्स्ट जनरेशन ९११’ या नावाने गेली सुमारे पंचवीस वर्षे जे स्थित्यंतर चालू आहे, त्याच्या आराखड्याचे स्वरूप आणि त्याला लागलेला विलंब या दोहोंचा उलगडा या जुन्या पेचाच्या इतिहासातून होतो.

संकटकाळासाठी एकच सोपा क्रमांक ठेवण्याची कल्पना लंडनमध्ये ३० जून १९३७ रोजी ९९९च्या रूपाने प्रत्यक्षात आली होती. अमेरिकेत मात्र त्यानंतरही तीस वर्षे गावोगावचे पोलीस आणि अग्निशमन दल आपापले वेगळे क्रमांक बाळगून होते. अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने १९५७मध्ये आणि कायदा-सुव्यवस्थेविषयीच्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने १९६७मध्ये एका समान क्रमांकाची शिफारस केल्यावर, जानेवारी १९६८मध्ये एटी अँड टी कंपनीने ९११ची घोषणा केली. हा क्रमांक लहान होता, लक्षात राहणारा होता आणि कोणत्याही एक्स्चेंजचा किंवा प्रदेशाचा संकेतांक म्हणून तोवर वापरला गेलेला नव्हता. पहिला कॉल मात्र त्या बलाढ्य कंपनीच्या जाळ्यातून गेला नाही. अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावी एका स्वतंत्र स्थानिक टेलिफोन कंपनीने १६ फेब्रुवारी १९६८ रोजी ही सेवा सुरू केली आणि राज्य विधिमंडळाचे सभापती रँकिन फाइट यांनी केलेला कॉल काँग्रेस सदस्य टॉम बेव्हिल यांनी पोलीस ठाण्यात घेतला. या घटनेचे महत्त्व समारंभापुरते नाही. ही सेवा केंद्र सरकारच्या आदेशाने आली नाही. ती एकेका गावाने आणि एकेका कौंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाने, आपापल्या सवडीने स्वीकारली. पुढच्या प्रत्येक राष्ट्रीय नियोजनाला या स्थानिक स्वायत्ततेशी जुळवून घ्यावे लागले.

आरंभीच्या पद्धतीत एका एक्स्चेंजवरचे सर्व ९११ कॉल ते घेणाऱ्या एकाच प्रतिसाद केंद्राकडे जात. एक्स्चेंजची हद्द आणि गावाची हद्द जुळत नसल्याने शेजारच्या गावातील कॉल भलत्याच पोलिसांकडे पोचत. १९७०च्या दशकात आलेल्या ‘एन्हान्स्ड’, म्हणजे सुधारित ९११ने यावर उपाय शोधला. लांब पल्ल्याच्या कॉलचे बिल आकारण्यासाठी कॉल करणाऱ्याचा क्रमांक आपोआप पुढे पाठवण्याची जी सोय टेलिफोन कंपन्यांकडे आधीच होती, तीच येथे वापरली गेली. त्या क्रमांकावरून डेटाबेसमधील पत्ता शोधला जाई, आणि रस्तावार घरक्रमांकांच्या एका मूळ सूचीवरून तो पत्ता कोणत्या दलाच्या हद्दीत येतो हे ठरे. मूळ हेतू बिलाचा असल्याने त्या तारांमधून जेमतेम आठ अंक जात. पहिला अंक चारांपैकी एखादा प्रादेशिक संकेतांक सुचवी आणि उरलेले सात म्हणजे फोन क्रमांक. हिशेबासाठी आखलेल्या या अरुंद वाटेने पुढची कित्येक दशके जीवनमरणाचे निरोप वाहून नेले, ही गोष्ट नियोजनाच्या इतिहासात विसरता येण्याजोगी नाही.

पत्त्यावर उभी राहिलेली ही व्यवस्था ग्रामीण भागात अडली, कारण तेथे पत्तेच नव्हते. टपाल ‘रूरल रूट’ आणि पेटीक्रमांकावर येई. त्यावरून टपाल्याच्या फेरीतला क्रम समजे, घराची जागा समजत नसे. त्यामुळे कौंट्यांनी अनाम रस्त्यांना नावे देणे, अंतरावरून घरांना क्रमांक लावणे आणि फाट्याफाट्यावर पाट्या रोवणे ही कामे हाती घेतली. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर २००१मध्ये राज्यभर पत्ते आणि नकाशे तयार करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना खुणांनी ओळखणाऱ्या वस्त्यांना ही नवी नावे नेहमीच रुचली असे नाही. तरीही रात्री रस्ता चुकलेल्या रुग्णवाहिकेच्या दृष्टीने या पाट्यांचे मोल फार मोठे होते, आणि या कामाला इतिहासात मिळाले त्याहून अधिक श्रेय मिळायला हवे.

ही घडी बसत असतानाच मोबाइल फोन आला आणि क्रमांक व पत्ता यांचे नाते तुटले. टॉवरच्या ज्या बाजूने कॉल आला, त्या बाजूला एक खोटा क्रमांक देऊन तोच जुन्या यंत्रणेत पाठवण्याची युक्ती योजली गेली. पण टॉवरचा परीघ कौंटीची सीमा ओलांडून जात असल्याने कॉल पुन्हा शेजाऱ्याकडे पोचू लागले आणि ते हस्तांतरित करण्यात मोलाचा वेळ जाऊ लागला. संघीय दूरसंचार आयोगाने १९९६मध्ये मोबाइलचे ठिकाण कळवण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू केली, आणि १९९९मध्ये अचूकतेचे निकष सुधारताना, फोनमध्येच ठिकाण शोधण्याची सोय असल्यास ६७ टक्के कॉलमध्ये ५० मीटरपर्यंतची अचूकता मागितली. पुढे इंटरनेटवरून चालणारे दूरध्वनी आले. लेखी संदेशाची सोय तर फारच उशिरा आली. ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही अशा नागरिकांना ती सर्वांत आधी हवी होती. पण ९११वर संदेश स्वीकारण्याचा पहिला प्रयोग आयोवातील ब्लॅक हॉक कौंटीत २००९मध्ये झाला.

नॅशनल इमर्जन्सी नंबर असोसिएशन, म्हणजे ‘नेना’, या व्यावसायिक संघटनेने २००१च्या सुमारास जुन्या यंत्रणेला ठिगळे लावत राहण्याऐवजी ती पायापासून नव्याने रचण्याची दिशा मांडली. केंद्रीय परिवहन खात्याने २००८मध्ये प्रायोगिक चाचण्या घेतल्या आणि २००९मध्ये स्थित्यंतराचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. नव्या रचनेत कॉल हा इंटरनेट प्रोटोकॉलवरून जाणारा संदेश असतो आणि त्यासोबत क्रमांकाऐवजी स्वतः ठिकाणच प्रवास करते. आपत्कालीन सेवांसाठी राखलेल्या जाळ्यातील संगणक ते ठिकाण नकाशावरच्या हद्दींशी ताडून पाहतो आणि योग्य केंद्र निवडतो. जो नकाशा पूर्वी कर्मचाऱ्याच्या मदतीला भिंतीवर टांगलेला असे, तोच आता कॉलचा मार्ग ठरवू लागला.

नियोजनाचे खरे कष्ट येथूनच सुरू होतात. दोन कौंट्यांनी स्वतंत्रपणे काढलेल्या सीमारेषा एकमेकींवर चढल्या तर एकाच जागेवर दोघांचा हक्क दिसतो, आणि मध्ये फट राहिली तर तेथील हाक कोणाचीच नसते. म्हणून सीमारेषा सरकारी दप्तरातून बाहेर काढून शेजाऱ्यांनी एकत्र बसून जुळवाव्या लागतात. जुन्या सूचीतील पत्ते आणि नवा नकाशा यांच्यात किमान ९८ टक्के मेळ असावा, ही नेनाची शिफारस गाठण्यासाठी अनेक ठिकाणी दीर्घकाळ दुरुस्त्या कराव्या लागल्या. शिवाय ही सेवा क्षणभरही बंद ठेवता येत नाही. देशभरातील सुमारे सहा हजार केंद्रे एकाच दिवशी बदलणे अशक्य असल्याने, जुन्या तारांवरचे कॉल नव्या भाषेत आणि नवे कॉल जुन्या केंद्राला कळतील अशा रूपात फिरवणारे गेटवे, म्हणजे दुभाषी यंत्रे, मध्ये बसवावी लागली. स्थित्यंतर पुरे होईपर्यंत दोन्ही यंत्रणा एकाच वेळी सांभाळण्याचा खर्च स्थानिक संस्थांच्या माथी राहतो.

अनेक राज्यांचे कॉल एकाच ठिकाणाहून वळवण्याच्या एकत्रीकरणातील धोका एप्रिल २०१४मध्ये उघड झाला. कोलोरॅडोतील अशा एका कॉल वळवणाऱ्या केंद्रात कॉलना ओळखक्रमांक देणाऱ्या संगणकीय गणकाला आधीच घातलेली मर्यादा संपली, कॉल आपोआप पर्यायी केंद्राकडे वळले नाहीत आणि सात राज्यांतील ८१ प्रतिसाद केंद्रांपर्यंत जाणारे ६,६००हून अधिक कॉल सुमारे सहा तासांत वाया गेले. जुनी व्यवस्था विखुरलेली होती म्हणून तिचे बिघाडही स्थानिक राहत. नव्या व्यवस्थेत पर्यायी मार्ग आणि धोक्याची सूचना यांची आखणी कॉलच्या मार्गाइतक्याच काळजीने करावी लागते, हे या बिघाडाने नियोजनकर्त्यांच्या मनावर बिंबवले.

पैशाचा प्रश्न २०१८च्या एका सरकारी अहवालाने समोर ठेवला. दहा वर्षांत साडेनऊ ते पावणेतेरा अब्ज डॉलरांच्या घरात खर्च येईल, असा त्याचा अंदाज होता. ९११ सेवेचा भार मुख्यतः फोनच्या बिलावरील राज्य-स्थानिक शुल्कावर असल्याने, सधन प्रदेश पुढे गेले आणि विरळ वस्तीचे प्रदेश रेंगाळले. कंपनीने कॉल कोठपर्यंत स्वखर्चाने पोचवायचा हा वादही वर्षानुवर्षे चालला. जुलै २०२४मध्ये संघीय आयोगाने तो सोडवण्यासाठी नियम केले : स्थानिक ९११ प्राधिकरणाने ठरवलेल्या बिंदूपर्यंत कॉल इंटरनेट प्रोटोकॉलच्या रूपात आणून देण्याचा खर्च कंपन्यांचा, त्यापुढचा प्राधिकरणाचा, आणि हे काम दोन टप्प्यांत पुरे करायचे. कंपनीच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांची मुदत त्यात आहे. पण ती मोजायला सुरुवात होते ती स्थानिक प्राधिकरणाने आपली तयारी दाखवून रीतसर मागणी केल्यावरच.